आपलं कापड आपण पास करू नये

उमरेडच्या एसटी स्टँडवर बा मला सोडायला आला, तेव्हा माझ्या हातात पत्र्याची पेटी होती आणि मागे ताजी बेअब्रू. महिन्याभरापूर्वी मी जन्मातलं पहिलं लुगडं विणलं होतं. आमच्या गल्लीची रीत अशी, की मागावरून कापड उतरलं की समोरच्या घरचा विणकर ते उलटं करणार आणि डोळे मिटून बोटांनी तपासणार. आपलं कापड आपण पास करायचं नाही. समोरचे सखारामकाका लग्नाला गेले होते आणि मला घाई होती. मीच बोटं फिरवली, ‘झकास’ म्हटलं, घडी घातली. व्यापाऱ्यानं उघडलं तर मधोमध वीतभर पट्टा असा विरळ, की पलीकडचा सायकलवाला दिसला. गल्लीनं त्याचं नाव ठेवलं खिडकीवालं लुगडं.

बस हलली तेव्हा बा खिडकीशी येऊन म्हणाला, “शिक गा. पण तिकडं बी कोणाले तरी दाखवत जाय.”

गल्लीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे पेटी घेऊन निघालेल्यांनो, तुम्ही विचारता, नागपुरात मी नेमकं करतो काय. मी मनोपचारक आहे. लोक बोलतात, मी ऐकतो. निदान पाटीवर तसं लिहिलंय. हुडकेश्वरला केकच्या दुकानावर माझी खोली आहे. दोन खुर्च्या, एक टिश्यूचा डबा. खालून व्हॅनिलाचा वास येतो, त्यामुळे रडता रडता माणसांना भूक लागते.

आमच्या धंद्यातही सखारामकाका असतात, त्यांना सुपरवायझर म्हणतात. माझ्या मॅडम दर मंगळवारी चार वाजता, पेशंटच्या परवानगीनं केलेलं रेकॉर्डिंग ऐकायच्या. मध्येच थांबवायच्या. “इथे का बोललास? शांतता चावते का तुला?” मला हिवाळ्यातही घाम फुटायचा. मग मॅडम वारल्या. त्यांच्या तेरवीला मी खरंच रडलो, आणि घरी येताना लक्षात आलं की मंगळवार मोकळा झाला. दुसरं कोणी शोधलं नाही.

त्याऐवजी ऑनलाइन कार्यशाळा सुरू केल्या. कॅमेरा बंद, पुढ्यात तर्री-पोहा. एकदा कॅमेरा चालू राहिला आणि ‘वर्तमान क्षणात कसं राहावं’ या विषयावर दीडशे लोकांनी मला पायाची नखं कापताना पाहिलं. प्रमाणपत्र तरीही आलं. अशी बावीस आली. मी ती लॅमिनेट करून भिंतीवर लावली. भिंतीला ओल होती, तीही झाकली गेली.

त्या भिंतीसमोर खापरखेड्याचे एक निवृत्त गृहस्थ येऊन बसायचे. ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगतो. बायको गेल्यावर त्यांच्या तोंडची चवच गेली होती. सहा वेळा आले. सहाव्यांदा म्हणाले, “बरं हाये आता.” मी वहीत लिहिलं, ‘सुधारणा. थांबवायला हरकत नाही.’ खाली माझीच सही.

दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला, दवाखान्यातून. “बाबानं जेवण सोडलं, बोलणं बी सोडलं. आता आमाले ओळखून नाई राहिले. तुमचं नाव काढत होते पहिले. म्हणत, पोरगं लय मस्त बोलते, आपल्याले मधात जागाच नाई भेटत.” ती जरा हसली. सवयीनं मीही हसलो.

त्यांच्या भेटींचं रेकॉर्डिंग, त्यांना विचारून, मी जुन्या सवयीनं करत होतो; ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दर पन्नास मिनिटांत छत्तीस मिनिटं मीच बोलतोय. तिसऱ्या भेटीत ते हळूच म्हणतात, “अजून मी दोन ताटं वाढतो.” आणि लगेच माझा आवाज, अगदी उत्साही: “छान. आता आपण श्वासाकडे लक्ष देऊ.”

ते गृहस्थ परत बोलले नाहीत.

दिवाळीत उमरेडला गेलो. मागाच्या जागी आता फ्रीज आहे. सखारामकाका नाहीत, समोर मोबाइल रिपेअरिंग आहे. बाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यानं मागितलं म्हणून एक प्रमाणपत्र नेलं होतं. त्यानं ते हातात घेतलं, उलटं केलं, डोळे मिटले आणि बोटं फिरवली.

“मागून कोरंच हाये गा.”

“कागद आहे, बा. मागून कोरा असतो.”

“कोणाले दाखवलं होतं?”

मी फ्रीज उघडून पाण्याची बाटली काढली. मग त्यानं ते फ्रीजवर ठेवलं, कोरी बाजू वर करून.

परत आल्यावर मी धंद्यातल्या दोन ज्येष्ठांना विचारलं, माझं रेकॉर्डिंग ऐकाल का. एकाला वेळ नाही. दुसऱ्या बाई म्हणाल्या, “आपल्याकडे आता कोण कोणाचं ऐकतं? तूच माझं ऐकशील का?”

पूर्वी घर म्हणजे मला गल्ली वाटायची, मागाचा खडखडाट वाटायचा. आता वाटतं, आपलं विणलेलं समोरचा माणूस उलटं करून बघायचा, तेच घर होतं. मी तिथून निघालो, आणि माझ्या पाठीमागे तेही निघून गेलं.

मंगळवारी चार वाजता मी कोणाला बोलावत नाही. रेकॉर्डिंग लावतो, डोळे मिटतो. दोन ताटं येतात तिथे थांबवतो. पुढे काय करायला हवं होतं, हे सांगायला खोलीत कोणी नसतं. खालून व्हॅनिलाचा वास येत राहतो, आणि माझंच कापड मी पुन्हा माझ्याच बोटांनी तपासत बसतो.