दीपमालाचं पहिलं वर्ष

उस्मानपुऱ्यातली दीपमाला बी.ए. आहे, हे तिच्या सासरी सगळ्यांना ठाऊक होतं. ती बी.ए. नाही, हे फक्त तिला आणि तिच्या वडिलांना ठाऊक होतं, आणि वडील जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

तिसऱ्या वर्षाला इंग्रजीत ती चार मार्कांनी राहिली. त्याच आठवड्यात स्थळ आलं आणि वडिलांनी, काकासाहेबांनी, बैठकीत सांगून टाकलं, "पोरगी बी.ए. झालीय." आत येऊन तिला म्हणाले, "ऑक्टोबरात पेपर काढून टाक, मग खोटं कुठं राहिलं?" ऑक्टोबर आला तेव्हा ती सासरी होती. फॉर्म भरायचा तर नवऱ्याला, इंद्रजीतला, सांगावं लागलं असतं. तिनं सांगितलं नाही. पुढं गल्लीतल्या शाळेनं शिकवायला दोनदा बोलावलं, तेव्हा कागद मागतील म्हणून कंबरदुखीचं निमित्त काढलं. अशी बावीस-तेवीस वर्षं गेली.

यंदा जूनमध्ये लेक श्रेया चहा पिता पिता म्हणाली, "आई, मुक्त विद्यापीठाचे प्रवेश सुरू झालेत. तू एम.ए. कर. मराठी घे. दोनच वर्षं लागतात."

"कर की गं," सासूबाई चतुराबाई म्हणाल्या. "शिकल्यासवरलेली असून नुसत्या भाकरी थापल्यास. लई झालं आता."

"मार्कशीट तेवढी काढून ठेव," श्रेया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दीपमाला एकटीच अभ्यासकेंद्रावर गेली. खिडकीतल्या बाईंनी तिचे कागद उलटेपालटे करून पाहिले.

"एम.ए.ला पदवी लागते, ताई. तुमचं तिसरं वर्ष राहिलंय."

"मग थेट तिसऱ्या वर्षाला?"

"इतक्या जुन्या मार्कांवर नाही होणार. बारावीवर पहिल्या वर्षाला बसा. तीन वर्षं."

ती पहिल्या वर्षाचा फॉर्म घेऊन बाहेर आली आणि रिक्षा न करता चालत निघाली. जमत नाही म्हणून घरी सांगितलं की विषय मिटत होता. किंवा गुपचूप बी.ए.ला बसायचं आणि घरी एम.ए. म्हणायचं. पुस्तकं मराठीचीच, कोण उघडून बघतंय? दोनाऐवजी तीन वर्षं का लागली असं कुणी विचारलंच, तर एका वर्षी नापास झाले म्हणायचं.

नापास हा शब्द मनात आला आणि ती रस्त्याच्या कडेला थांबली. तिला सरिता आठवली.

सरिता तिची नणंद. दीपमाला या घरात आली तेव्हा सरिता बारावीत होती. पुढच्या वर्षी ती इंग्रजीत नापास झाली आणि चतुराबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "वहिनीकडं बघ जरा! एका दमात बी.ए. झाली. तुझ्या टाळक्यात भुसा भरलाय." सरिता जेवायची नाही, कुणाशी बोलायची नाही. एका दुपारी ती स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्ही कधीच नापास नाय झालात?"

घरात तेव्हा दोघीच होत्या. खरं सांगितलं असतं तर भिंतीपलीकडं गेलं नसतं. दीपमाला कणीक मळत म्हणाली, "नाही बाई."

सरिता परत परीक्षेला बसली नाही. एकोणिसाव्या वर्षी तिला देवगाव रंगारीला देऊन टाकलं. तिथूनही ती माहेरी आली की आईचं तेच चालू, आणि दीपमाला मान खाली घालून वाढत राहायची. सासू बोलते, आपण कुठं काय बोलतो, अशी मनाची समजूत घालायची. आता रस्त्यात उभं राहून ती समजूत काही केल्या पटेना.

सकाळच्या एसटीनं ती देवगावला गेली. सरिता पडवीत कांदे निवडत होती. दीपमाला तिच्यासमोर बसली आणि पाणीही न पिता सगळं सांगून मोकळी झाली.

सरितानं हातातला कांदा खाली ठेवला. "कशात राहिला होता तुम्ही?"

"इंग्रजीत."

"मी बी इंग्रजीतच."

"ठाऊक आहे मला."

"मी विचारलं होतं तुम्हाला, वहिनी."

"हो."

"तुम्ही व्हय म्हणाला असता ना, तर मी परत बसले असते. मला वाटलं, पास व्हायची माणसं निराळीच असत्यात." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानंच दीपमालाला जास्त लागलं.

"माझं चुकलं, सरू."

"मला सांगून काय उपयोग? आईला सांगा. मी समोर असताना सांगा."

रविवारी सरिता आली. जेवणं झाल्यावर दीपमालानं सगळ्यांसमोर सांगितलं. इंद्रजीत चपला घालून बाहेर निघून गेला आणि दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. चतुराबाईंनी आधी सुनेकडं पाहिलं, मग लेकीकडं.

"मग मी हिला उगंच बोलले व्हय इतकी वर्षं?"

सरिता ताटं उचलून आत गेली, आणि म्हातारी पदर तोंडाला लावून रडायला लागली.

फॉर्म श्रेयानं भरला. दीपमाला आता दर रविवारी वर्गाला जाते. वर्गात तिच्या बाजूला शहागंजच्या झेबा बसतात, मुलाच्या लग्नानंतर शिकायला आलेल्या. त्या वर्गभर हसतात, डबा वाटतात, चुकलं तर "जाने दो" म्हणतात. दीपमालाला तसं मोकळं होता येत नाही. नवं पुस्तक उघडलं की तिला वाटतं, इथं आपण बसलोय, आणि जिनं बसायला हवं होतं ती तिकडं शेतात आहे.

सरिता सहा महिने माहेरी फिरकली नाही. संक्रांतीला आली. तिला एकटी गाठून दीपमाला म्हणाली, "सरू, बारावीचा फॉर्म अजून भरता येतो. मी सगळी चौकशी केलीय."

"माझ्या मनात आलं तर माझी मी भरीन," सरिता म्हणाली. "तुम्ही नका सांगू, वहिनी."

"बरं," दीपमाला म्हणाली.