बॅग कडक का लागत होती

"मॅडम, प्रेशर पंचेचाळीस!" मी ओरडलो.

ओरडायची काही गरज नव्हती. आत हवा ढकलायला जास्त जोर लागतोय, हे व्हेंटिलेटरचा अलार्म माझ्यापेक्षा मोठ्याने सांगत होता.

बेलापूरचं आमचं हॉस्पिटल, आयसीयू, दुपारची वेळ. बेडवर शिरवण्याचे म्हात्रेबाबा. जुना दमा, त्यात न्यूमोनिया. घशात ट्यूब, ट्यूबला मशीन. सकाळीच शेख मॅडम राउंडला म्हणाल्या होत्या, "छान चाललंय. दोन दिवसांत ट्यूब काढू." आणि आता बाबांचे ओठ जांभळे पडायला लागले होते. बोटाला लावलेल्या क्लिपवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली सरकत होता.

मी तिथला रेस्पिरेटरी टेक्निशियन. म्हणजे श्वासाची मशीन लावणं, सांभाळणं, धुऊन पुन्हा जोडणं. नव्वदच्या दशकात हे काम कुणाला समजावणं अवघड होतं. आमचे सासरे लोकांना सांगायचे, "जावई गॅसमध्ये आहे." मग लोक घरी येऊन विचारायचे, आमच्या सिलिंडरचा नंबर कधी लागेल?

त्या दिवसांत मी गल्फला जायच्या खटपटीत होतो. तिथे नोकरी हवी तर लायसन्सची परीक्षा द्यावी लागायची. लेखी आणि तोंडी, दोन्ही इंग्लिशमध्ये. चाळिशीला टेकलेला माणूस घणसोलीच्या भाड्याच्या खोलीत बसून मोठ्याने पाठांतर करायचा आणि बायको, सुनंदा, कणीक मळता मळता पुस्तक समोर ठेवून प्रश्न विचारायची. हाय प्रेशर अलार्मची कारणं मी तिला घडाघडा म्हणून दाखवायचो. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी एखादं कारण गाळलं की बरोबर पकडायची. "आठवं राहिलं. परत म्हणा."

तर अलार्म वाजला आणि माझ्या डोक्यात ती यादी पहिल्यापासून सुरू झाली. एक, नळी दुमडली. नाही. दोन, नळीत पाणी साचलं. नाही. तीन, पेशंट ट्यूब चावतोय...

"पुटपुटताय काय?" शेख मॅडम धावत आल्या. त्या आमच्या भूलतज्ज्ञ. बाई मुरूडकडच्या, आवाज खणखणीत. "मशीनवरून काढा त्यांना. बॅग घ्या!"

बॅग म्हणजे हाताने दाबायचा रबरी फुगा. मशीन बिघडलं की नळी काढायची, ट्यूबला हा फुगा लावायचा आणि आपण दाबून पेशंटला श्वास द्यायचा. यात एक साधी परीक्षाही होऊन जाते. बॅग हलकी दाबली गेली तर दोष मशीनमध्ये. कडक लागली तर दोष पेशंटच्या छातीत. पुस्तकात हे जाड अक्षरात होतं.

मी नळी काढली, बॅग लावली, दाबली.

बॅग दगडासारखी कडक.

मी पुन्हा दाबून बघितली. "कडक लागतेय, मॅडम."

वाघमारे सिस्टरने ट्यूबच्या तोंडाशी असलेल्या जोडनळीची टोपी उघडून कफ ओढायची बारीक नळी आत घातली. ती सरळ आत गेली. म्हणजे ट्यूब कफाने बंद नव्हती. मॅडमनी स्टेथोस्कोप लावला. "दोन्हीकडे हवा कमी. सिस्टर, मोठी सुई काढून ठेवा."

ही सुई कशाला ते सांगतो. जुन्या दम्याचं फुफ्फुस नाजूक असतं. मशीनच्या दाबाने कधी कधी त्याला भोक पडतं, हवा छातीत कोंडते आणि माणूस बघता बघता जातो. तेव्हा छातीत सुई घालून ती हवा बाहेर काढावी लागते. एक्स-रेची वाट बघायला वेळ नसतो. पण भोक पडलेलंच नसेल आणि सुई घातली, तर भोक आपण पाडतो. मशीनवरच्या म्हाताऱ्याला ते पेलणारं नव्हतं.

दाराबाहेरून म्हात्रेकाकूंचा आवाज येत होता. "काय झाला? ती मशीन का बोंबलते? माना कोन सांगल का?"

सांगायला आम्हालाच कुठे माहीत होतं!

मी दोन्ही हातांनी बॅग दाबत होतो. घाम चष्म्यावर आला होता, पुसायला तिसरा हात नव्हता. सिस्टरने छातीवर स्पिरिटचा बोळा फिरवला. मॅडमनी सुई हातात घेतली, बरगडी चाचपली आणि थांबल्या.

"उजवी की डावी?" त्या स्वतःशीच बोलल्या. "दोन्हीकडे सारखंच कमी आहे. भोक असतं तर एक बाजू वेगळी लागली असती." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, तुमची बॅग आणि पेशंट यांच्या मध्ये काय आहे?"

"काही नाही, मॅडम. ट्यूब आहे," मी परीक्षेतलं उत्तर दिलं.

"पुस्तकातलं नको. खाली बघून सांगा."

मी खाली बघितलं. बॅग आणि जोडनळी यांच्या मध्ये काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, प्लॅस्टिकचा, पारदर्शक डबा होता. नवीन आलेला फिल्टर. नाकासारखं काम करतो तो. बाहेर जाणाऱ्या श्वासातली ओल धरून ठेवतो आणि आत जाणाऱ्या हवेला परत देतो. मी नळी काढली होती ती फिल्टरच्या अलीकडे, मशीनच्या बाजूने. फिल्टर पेशंटकडेच राहिला होता, आणि आतला कागद भिजून, फुगून लगदा झाला होता. त्या लगद्यातून मी हवा ढकलत होतो आणि दोष बाबांच्या छातीला देत होतो.

फिल्टर उपटून काढला. बॅग पुन्हा लावली, दाबली. ती अशी मऊ दाबली गेली की माझाच तोल गेला.

छाती वर आली. खाली गेली. आकडा जरा वेळ जागचा हलला नाही. मग तो चढायला लागला. मॅडमनी सुईवर टोपण लावलं आणि ट्रेमध्ये ठेवली.

मशीनकडे बघितलं तर गरम पाण्याचं भांडंही चालूच होतं. हवा ओली करण्याची ती आमची जुनी पद्धत. भांडं असेल तर फिल्टर लावायचा नाही, फिल्टर लावला तर भांडं बंद करायचं. दोन्ही लावले की भांड्याची सगळी वाफ फिल्टर पितो.

"सकाळी मीच लावला, मॅडम," वाघमारे सिस्टर म्हणाल्या. चेहरा उतरला होता, पण आवाज सरळ. "बाबांचा कफ सुकत होता. नवीन चांगलं आलंय म्हणाले. मला वाटलं, एकापेक्षा दोन बरे."

"दोन्ही चांगलेच आहेत," मॅडम म्हणाल्या. "एकत्र नाहीत. आणि पेटीतून काढताना हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. उद्या सगळ्यांना बसवून सांगते."

बाहेर काकू माझा हात धरून म्हणाल्या, "माजा मानूस हाय ना रं?"

"आहेत, काकू. बरे आहेत. मशीनमधला एक फिल्टर ओला होऊन चोंदला होता."

"म्हंजे मशीनला सर्दी झाली?"

"तसंच समजा," मागून मॅडम म्हणाल्या, आणि तिथल्याच बाकावर बसून त्यांनी पाणी मागितलं.

बाबांची ट्यूब दोन दिवसांत नाही निघाली, आठवडा लागला. पण निघाली. निघाल्यावर घोगऱ्या आवाजात त्यांनी पहिल्यांदा सुक्या बोंबलाची चौकशी केली. काकूंनी त्यांना आयसीयूतच झापलं.

माझी परीक्षा पुढच्याच महिन्यात झाली. भिजलेल्या फिल्टरबद्दल कुणी काही विचारलं नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा रंग विचारला. सासऱ्यांना फार समाधान वाटलं.

तेव्हापासून बॅग कडक लागली की मी यादी म्हणत नाही. आधी खाली बघतो. पेशंटच्या छातीत काय बिघडलं ते नंतर. त्याच्या तोंडाशी आपण काय काय जोडून ठेवलंय, ते आधी.