पचमढीच्या फर्नला लू लागली

घ्या, आधी चहा घ्या. कारण मी काय करून बसलो ते ऐकलंत, तर उद्यापासून दारातल्या तुळशीलासुद्धा मला पाणी घालू देणार नाही.

गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. माझे सासरे पचमढीला नोकरीत होते. तिथे बंगल्यामागे सासूबाईंनी एक ट्री फर्न लावला होता. म्हणजे फर्नच, पण झाडासारखा. कमरेएवढं केसाळ खोड आणि शेंड्यावर पानांची छत्री. पुढे सासूबाई गेल्या, सासरे निवृत्त झाले. छिंदवाड्याला मुलाकडे राहायला जाताना त्यांनी तो फर्न मुळासकट काढून आमच्या नागपूरच्या अंगणात आणून लावला. हिच्या आईची एवढीच आठवण उरली, म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, पचमढीच्या थंडाव्यातलं झाड नागपूरच्या मे महिन्यात काय करणार? एकेक पान करपलं. त्यात बायको मुलांना घेऊन माहेरी निघालेली. जाताना म्हणाली, "याले मरू नका देऊ. आईचं झाड होय."

मी शब्द दिला आणि माझी झोप उडाली.

रोज पाणी घातलं. सावलीला तट्ट्या बांधल्या. कूलर खिडकीतून काढून त्याच्यापुढे लावला आणि स्वतः आत घामाने निथळत पडलो. तरी खोड आपलं बोडकं ते बोडकंच. अगदी रडकुंडीला आलो होतो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याला लू लागली, उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याची झळ! अन् लू लागू नये म्हणून आपण काय करतो? डोकं-कान बांधतो, खिशात कांदा ठेवतो. झालं! गावाहून धने आले होते, त्याचं रिकामं पोतं घेतलं, खोडाच्या शेंड्याला फेट्यासारखं गच्च गुंडाळलं, आत एक कांदा खुपसला आणि सकाळ-संध्याकाळ पोतं भिजवत राहिलो.

आणि काय सांगू! पोत्याच्या विणीतून हिरवे कोंब डोकावले. मग नाजूक, कातरलेली पानं. हुबेहूब फर्न! मी अंगणात एकटाच नाचलो आणि छिंदवाड्याला तार ठोकली. झाड वाचलं, या.

सगळी आली. सासऱ्यांनी चपला काढून झाडापुढे हात जोडले. मला भरून आलं. बायकोने पुढे होऊन एक पान खुडलं, चुरगळलं, हुंगलं.

"बाबा, हा तं सांबार होय."

सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. पोत्यात अडकलेले धने उगवले होते हो!

सासऱ्यांनी पोतं सोडलं. आत कांद्याला चांगली वीतभर पात फुटलेली. आणि शेंड्यावर गुंडाळी केलेले, केसाळ, फर्नचे खरे कोंब. कुजून काळे पडलेले. म्हणजे झाड जगायला निघालंच होतं. मीच त्याचं डोकं बांधून त्याला गुदमरवलं.

बायको डोळ्याला पदर लावून आत गेली.

"हे काहून बांधलं तुम्ही?" सासऱ्यांनी विचारलं. मी लू सांगितली, कांदा सांगितला. त्यांनी तो कांदा पातीसकट उचलून माझ्या हातात ठेवला.

जेवताना पानात त्याच सांबाराची चटणी आली. मला काही ती गिळवली नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारच्या गाडीने सासरे निघाले. बाहेर लू भणाणत होती. निदान एवढं तरी हातून नीट होऊ दे, म्हणून मी दुपट्टा घेऊन धावलो आणि त्यांच्या डोक्याला गुंडाळायला हात वर केले.

सासरे मागं सरले.

"राहू द्या, जवाईबुवा. माह्यं डोकं उघडंच बरं."