दमयंतीची चार गाड्या माती

दमयंतीने वनस्पतिशास्त्रात बी. एस्सी. केले होते, दुसऱ्या वर्गात. ही गोष्ट ती स्वतःहून कुणाला सांगत नसे. फक्त कुणी ती विसरू नये एवढी काळजी घेत असे. ती मिरजेकडची. तिच्या माहेरी जमिनीत कुदळ मारली की काळी माती निघे, आणखी मारली की आणखी काळी माती निघे. जमीन म्हणजे माती, यापलीकडे त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे तिला कधी वाटले नव्हते. रत्नागिरीत नाचणे गावाच्या रस्त्याला तिच्या नवऱ्याने, महिपतने, घर बांधले, तेव्हा मागच्या परसात तिने मोठ्या हौसेने पहिली कुदळ मारली. ती टणकन उडून परत आली. बोटभर मातीखाली जांभा होता, आणि तो बहुधा थेट पाताळापर्यंत होता.

पहिली दोन वर्षे तिचे शिक्षण आणि तिचे परसू यांची गाठच पडली नाही. आषाढात तिने मेथी पेरली. ती पावसाच्या सरींनी उचलली आणि दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या कुलसुमभाभींच्या आवारात नेऊन पोचवली. तिथेही ती उगवली नाही, पण निदान फिरून आली. पडवळ सरळ वाढावे म्हणून त्याच्या टोकाला खडा बांधतात, हे तिने ऐकले आणि खड्याऐवजी तराजूतले अर्ध्या किलोचे वजन बांधले. पडवळ सरळ झाले. संध्याकाळपर्यंत ते खालीही आले. एक मात्र तिने चोख केले होते. प्रत्येक वाफ्यात काडी रोवून तिच्यावर झाडाचे शास्त्रीय नाव लिहिले होते. लाल माठ मेला, तरी ‘ॲमरँथस’ ही पाटी पुढचे चार महिने ताठ उभी होती.

शेवटी चौऱ्याऐंशीच्या चैत्रात महिपत म्हणाला, “अगं, दगडाला किती शिकवशील? माती आणू.” आणि खालच्या मळ्यातून चार गाड्या माती आली. मऊ, तांबूस, हातात घेतली की सुटी होणारी.

त्या पावसाळ्यात परसू असे काही माजले की दमयंतीला स्वतःची पदवी नव्याने आठवली. मांडवावर पडवळ आणि शिराळी लोंबू लागली, भेंडी कमरेएवढी झाली, माठ तर कापावा तितका वाढू लागला. मातीचे श्रेय मातीला द्यावे, हे काही तिला सुचले नाही. ती गडग्यावरून कुलसुमभाभींना सल्ले देऊ लागली. कुलसुमचा नवरा मस्कतकडे जहाजावर असे. ती एकटीच घर आणि घरामागचा उतार सांभाळी, आणि त्या उतारावर अळू, भोपळा, मिरची, भेंडी सगळे एकमेकांच्या अंगावर पडून वाढत असे.

“भाभी, दोन रोपांत अंतर हवं. हवा खेळली पाहिजे.”

“ठेवते हां वहिनी,” कुलसुम म्हणे, आणि तिसरे रोप त्या दोघांच्या मध्ये खोचून टाकी.

त्याच साली वैशाखात महिपतची आई, राहीबाई, संगमेश्वराकडे गावच्या घरी ओटीवरून पाय घसरून पडल्या. पाय प्लास्टरमध्ये गेला, तो सुटला तरी पाऊल टेकवेना, म्हणून त्या औषधपाण्यासाठी रत्नागिरीला लेकाकडे राहिल्या. गणपती गावच्या घरी बसायचे. यंदा महिपत एकटा जाणार, आणि सासूसून इथेच राहणार असे ठरले.

राहीबाईंना गणपती चुकल्याचे वाईट वाटलेच, पण काळजी होती ती ऋषीपंचमीची. गणपतीच्या दुसऱ्या दिवशीचे हे बायकांचे व्रत. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काहीही खायचे नाही. नांगरलेल्या शेतातले नाही, बैलाने ओढून आणलेले नाही. परसात माणसाने हाताने खणून पिकवलेली भाजी आणि डोंगरउतारावर कुदळीने पेरलेली वरी, एवढेच पोटात जायचे. राहीबाईंनी हे व्रत चव्वेचाळीस वर्षे मोडले नव्हते. बाळंतपणातही नाही, नवरा गेला त्या वर्षीही नाही.

मोठ्या जाऊबाईंनी, गंगावहिनींनी, गावाहून निरोप पाठवला होता, “आईंची भाजी एस.टी.ने पाठवते, टोपली उतरून घ्या.” त्यावर दमयंतीने उलट टपाली कार्ड टाकले. ‘वरी पाठवा. भाजीची तसदी घेऊ नये. आईंची ऋषीची भाजी यंदा माझ्या परसातली.’ कार्डावर जागा उरली होती, म्हणून तिने परसात काय काय लागले आहे त्याची यादीही लिहिली.

पंचमीला सकाळी राहीबाईंनी आघाड्याच्या काडीने दात घासले, न्हाऊन घेतले आणि मागच्या पडवीत खुर्चीवर येऊन बसल्या. पावसाची भुरभुर चालू होती. दमयंतीने मांडवाखालून परात भरून भाजी आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. राहीबाईंचा चेहरा खुलला.

“गंगाला कळवलंस ना? म्हणावं, सून शिकलेली असली तरी हात मातीतला हाय.”

दमयंतीला एवढे कौतुक सासूकडून पहिल्यांदाच मिळत होते. ते हळूहळू जिरवावे म्हणून तिने मान खाली घातली. राहीबाईंनी माठाची एक जुडी उचलली, मुळाशी चिकटलेला मातीचा गोळा बोटांत चुरला.

“ही माती इथली नव्हं गो. कुठनं आणलीस?”

“खालच्या मळ्यातून.”

“डोक्यावरनं?”

इथे नुसते ‘हो’ म्हटले असते तर काम भागले असते. महिपत गावी होता. गाडीवाला केरू पाच मैलांवर राहत होता. त्याचे बैल काही साक्षीला येणार नव्हते. शिवाय दमयंतीच्या डोक्यात वनस्पतिशास्त्र धावून आले, की मुळे क्षार ओढून घेतात, पाणी ओढून घेतात. गाडी कुणी ओढली ते मुळांना कळत नाही. परीक्षेत या उत्तराला चांगले गुण मिळाले असते.

“गाडीनं,” ती म्हणाली.

“टेंपोनं?” राहीबाईंनी विचारले. त्यांनाही तेच उत्तर हवे होते.

दमयंतीने त्यांच्या बोटांकडे पाहिले. माती अजून तिथेच होती.

“बैलगाडीनं, आई. चार खेपा केल्या.” आणि प्रश्नाचे सगळे पोटभाग सोडवल्याशिवाय पेपर देऊ नये ही जुनी सवय, म्हणून तिने पुढे जोडले, “आणि मळा नांगरलेला होता.”

हे तिला कुणी विचारले नव्हते.

राहीबाईंनी जुडी परत परातीत ठेवली. परात पायाने नाही, हाताने, अलगद बाजूला सरकवली.

“दिसायला छान हाय हो भाजी,” त्या म्हणाल्या. “उद्या करू. आज मी पाण्यावर राहतंय.”

“आई, गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत. वरी तरी—”

“भाजीबिगर ऋषी कसले? गोळ्या उद्या घेईन.”

पायाची सूज अजून पुरती उतरली नव्हती. दमयंतीला त्या पोस्टकार्डातला शब्दन् शब्द आठवला, यादीसकट. एस.टी.ची टोपली तिने स्वतःच्या अक्षरात नको म्हटली होती. ती छत्री न घेताच गडग्यापाशी गेली.

“कुलसुमभाभी, तुमच्या मागच्या उतारावर कधी बैल आला होता का?”

कुलसुम भांडी घासत होती. तिने हात थांबवले. “बैल? तिथं बकरी उभी राहत नाही वहिनी, घसरते. काय झालं?”

“माती कुठून आणली?”

“कातळाच्या खाचांत साचते ना पावसाची, ती. घमेल्यातून. लग्न झालं त्या साली सुरू केलं, अकरा वर्षं झाली. अजून अर्धा उतार बाकी आहे.” मग तिने दमयंतीचा ओला चेहरा नीट पाहिला. “भाजी पाहिजे काय?”

दमयंतीने सगळे सांगितले. सांगताना गेल्या दोन महिन्यांत तिने या बाईला रोपांतल्या अंतरावर किती व्याख्याने दिली होती तेही तिला आठवत होते, आणि कुलसुमलाही आठवत असणार. अळू, भेंडी, भोपळ्याचा एक कोवळा तुकडा आणि मिरच्या तोडून तिने दमयंतीच्या ओच्यात घातल्या. दमयंती वळली तेवढ्यात तिने मागून हाक मारली.

“वहिनी, एक सांगून ठेवते हां. मी मासळी धुतलेलं पाणी झाडांना घालते. मग आजींना म्हणू नका की कुलसुमनं सांगितलं नाही.”

दमयंती गडग्याशीच थांबली. एकदा खरे बोलायला लागले की ते कुठवर जाते याचा तिला अंदाज नव्हता. ती पडवीत आली, भाजी राहीबाईंपुढे ठेवली, घमेल्याची गोष्ट सांगितली आणि डोळे मिटून मासळीच्या पाण्याचीही सांगितली.

राहीबाईंनी अळवाचे पान उलटे करून पाहिले.

“मासळीला कुणी नांगराला जुंपलीन काय?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“मग चूल पेटव.”

दुपारी पाटावर बसता येईना म्हणून त्या खुर्चीतच जेवल्या. वरी, अळू-भोपळ्याची भाजी, भेंडी. दोनदा वाढून घेतली. गोळ्या घेतल्या. कुलसुमकडे झाकण घालून वाटी पाठवायला लावली, आणि वाटी परत येताना रिकामी आली नाही हेही पाहून घेतले.

चार वाजता पाऊस थांबला, तेव्हा दमयंती टिकाव घेऊन परसाच्या कोपऱ्यात गेली. चार गाड्यांची माती जिथे पोचली नव्हती, तिथे. तिने टिकाव मारला. तो उडाला. दुसऱ्यांदा मारला, तेव्हा जांभ्याचा सुपारीएवढा कपचा निघाला आणि तिच्या नडगीला लागला. ती खाली बसून नडगी चोळू लागली.

“टिकाव ठेव,” पडवीतून राहीबाई म्हणाल्या. “घमेलं घे. कुलसुमला विचार खाच कुठली ता.”

“तिला अकरा वर्षं लागली, आई.”

“तुला पंधरा लागतील,” राहीबाई म्हणाल्या. “तू शिकलेली हायस. पण कामाला लाग तर. मी थांबतंय.”

दमयंती उठली आणि घमेले शोधू लागली. ते कुठे असते हे तिला माहीत नव्हते, म्हणून तेही कुलसुमकडूनच आणावे लागले.