दोन एकर साठ गुंठे

आम्रपालीला गोड बोलता येत नाही. त्यापायी दोन नोकऱ्या गेल्या, पण बाईने जीभ काही मऊ केली नाही. बरंच केलं. गोड बोलणाऱ्यांची बीडमध्ये टंचाई नाही.

नेकनूरहून एसटीने यायची आणि बसस्टँडामागच्या क्लासमध्ये डेटाबेस शिकवायची. क्लास विजयसिंह सरांचा, आणि पोरांच्या हातातलं गाइडही त्यांनीच लिहिलेलं.

त्या दिवशी आकड्यांचे डेटा टाइप, म्हणजे कोणता आकडा मशीनमध्ये कुठल्या प्रकारात ठेवायचा, ते चाललं होतं. सरावाला घेतला उसाच्या नोंदीचा तक्ता. गाइडात छापलेलं: क्षेत्र एकरात, टाइप डेसिमल, म्हणजे दशांश. पोरांनी माना डोलावल्या. माना डोलावल्या की आम्रपालीचं डोकं फिरतं.

"सायली, तेलगावला तुमचा ऊस किती?"

"एक एकर तीस गुंठे, मॅडम."

"लिही, घरी लिहितात तसं."

सायलीने एक, टिंब, तीस लिहिलं.

"चुलत्याचा?"

"तेवढाच."

"घाल मशीनमध्ये, कर बेरीज."

आलं दोन पॉइंट साठ.

"दोन एकर साठ गुंठे! एकरात गुंठे किती गं?"

"चाळीस."

"मग वरचे वीस कुठं पेरले, आभाळात?"

वर्ग खो खो हसला. आम्रपाली नाही हसली. "खरा ऊस साडेतीन एकर. मशीन म्हणतंय, अडीचच्या जरा वर. कावून? ते टिंब दशांशाचं न्हाईच. एकर आन् गुंठ्यामधला बांध हाय तो! टाइप निवडायच्या आधी इचारा, ह्या आकड्याची बेरीज होती कशी. सगळ्याचे गुंठे करा, सत्तर आन् सत्तर, आन् पूर्णांकात ठेवा. गाइड चुकलंय."

दारात विजयसिंह सर उभे होते. तास संपताच त्यांनी ऑफिसात बोलावलं.

"वर्गात गाइड चुकलं म्हणालात?"

"चुकलंय म्हणून म्हणाले."

"आपल्या परीक्षेत गाइडचंच उत्तर धरतात. उद्या पोरांना सांगा, मॅडमचं चुकलं. न्हाईतर परवापासून येऊ नका."

ही नोकरी गेली की घरी बसणं आलं. सासूबाई केशरबाई तर त्याचीच वाट बघत होत्या. पण पगार जाणार हे ऐकून त्या दिवशी त्यांनाही धसका बसला. "म्हणून टाक की बाई, चुकलं. तोंडाला काय फोड येतेत?"

"येतेत," आम्रपाली म्हणाली आणि जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः पहिल्या बाकापुढे येऊन थांबले. आम्रपालीने खडू उचलला, सरळ त्यांच्यापुढे धरला.

"सर, तुमच्या दोन शेतांची बेरीज करा. तुमच्याच टाइपात. बरोबर आली तर हितं कान धरून माफी मागते."

सरांनी खडूला हात लावला नाही. "मॅडम, परीक्षेला असलं इचारत न्हाईत."

"मोजणीला इचारतेत."

"आजचा तुमचा शेवटचा तास."

"असंल. पण तो अजून चालू हाय. बाजूला व्हा जरा, मागच्यांना फळा दिसंना."

सर खरंच बाजूला झाले. आम्रपाली फळ्याकडे वळली, 'मोबाईल नंबर' असं लिहिलं.

"ह्याचा टाइप? गाइड मिटा. सायली, मोबाईल नंबरांची बेरीज करतं का कुणी?"

"न्हाई, मॅडम."

"मग कशाला त्याला आकड्यात बसवायचं? मजकूर म्हणून ठेवा. लिहून घ्या."

पोरांनी गाइडं मिटली आणि लिहायला घेतलं.