भैय्यालालनं हलवलेली बिऱ्हाडं

भैय्यालाल रामटेके सकाळपासून घरात नुसत्या येरझारा घालत होता. कूलरमध्ये पाणी भरून झालं, तरी परत भरायला गेला आणि अंगणभर सांडलं. बायको सरला कावली. "काहून असे करून राहिले जी? ढेकूण चावला का काय?"

ढेकूण चावला असता तर परवडलं असतं. पोरीच्या फोनानं त्याची झोप उडवली होती.

आता हा माणूस कसा, ते ऐका. रायपूरच्या रेल्वे यार्डात उभी हयात पॉइंटमन. एक लाइन डब्यांनी भरली की डबे तोडून बाजूच्या रिकाम्या लाइनवर घालायचे, हेच शंटिंगचं काम. रिटायर होऊन रायपुरातल्याच गुढियारीत बसला, पण खोड काही सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत दाटी दिसली की हा लोकांना दंडाला धरून उठवणार, "इकडं या जी, इथं मोकळं आहे." गोल बाजारात एका भाजीवालीची टोपली तिला न विचारताच सावलीत सरकवली आणि मग तिच्या शिव्या खाल्ल्या. सगळं प्रेमानंच, बरं का! पण विचारायचं म्हणून नाही.

मुलगी मोनाली रत्नागिरीकडे समुद्रकाठी संशोधन करते. लिंपेट नावाचे जीव असतात, मांसल पायानं खडकाला घट्ट चिकटलेले, पाठीवर टोपीसारखा एकच शिंपला. भरतीच्या पाण्यात खडकावरचं शेवाळ खात हिंडायचं आणि ओहोटी लागली की आपल्याच जागेवर परत. शिंपल्याची कड घासून घासून तिथं दगडात खाच पडलेली असते. मोनालीनं खडकावर चौकोन आखले होते, काही दाटीचे, काही विरळ. दाटीतल्यांच्या पाठीवर लाल ठिपका दिला होता. गर्दीत खाणं कमी पडलं की किती जगतात, किती वाढतात, ते तिला बघायचं होतं.

गेल्या महिन्यात भैय्यालाल तिच्याकडे गेला. जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला, पण याची नजर गेली कुठं? तर भर उन्हात एकमेकांना खेटून बसलेल्या त्या जीवांकडे, आणि हातभर अंतरावरच्या मोकळ्या खडकाकडे! जीव कळवळला त्याचा. इकडे उन्हाळ्यात पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला तलाव आटला की लोक कासवं, मासोळ्या उचलून दुसऱ्या तलावात सोडतात. यानंही सोडली होती. पोरगी पलीकडच्या खडकावर मोजमापात गुंतलेली. यानं जेवणाच्या डब्यातली सुरी काढली, एकेकाच्या खाली झटकन सरकवली आणि बरीच बिऱ्हाडं मोकळ्या चौकोनात नेऊन बसवली. वर पाण्याचे हबकेही मारले. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं, म्हणून पोरीला काही बोलला नाही.

आणि आज सकाळी तिचा फोन. आनंदानं नुसती उड्या मारत होती. "बाबा, सुनो ना! लाल ठिपकेवाले मोकळ्या चौकोनात सापडले! दाटी झाली म्हणून घर सोडून गेले ते! सब बोलते हैं, हे कधी घर सोडत नाहीत. उद्या सरांना दाखवते, फिर मीटिंग में सबके सामने बोलूंगी."

"हव," एवढंच म्हणाला भैय्यालाल. फोन ठेवला आणि भरलेल्या कूलरमध्ये परत पाणी ओतायला गेला.

सांगावं तर पोरीच्या आनंदाची माती. नाही सांगावं तर पोरगी चार शहाण्यांसमोर खोटं बोलणार, उद्या कोणी तपासलं की नाव तिचं खराब होणार, आणि करणारा बाप! फोन हातात घेतला, ठेवला. चौकात जाऊन चहा सांगितला, न पिताच परत आला. शेवटी सरलाजवळ सगळं ओकला.

तिनं कपाळावर हात मारला. "अगं माय! तिथंबी शंटिंग केली तुम्ही? मग बसले काहून? यार्डात चुकीची लाइन लागली असती तर असेच चहा प्यायले गेले असते का?"

हे मात्र त्याला लागलं. चुकीची लाइन लागली तर गाडी येण्याआधी ओरडायचं, मग नोकरी गेली तरी चालेल, हे तर तोच नव्या पोरांना शिकवायचा. त्यानं फोन लावला.

"बेटा, ते स्वतःहून नाही गेले. मी नेले."

"क्या मतलब?"

त्यानं सगळं सांगितलं, सुरीसकट.  मोनाली रडक्या आवाजात म्हणाली, "पूरा सीज़न गया, बाबा. तुम्ही मले विचारलं काहून नाही?"

"चुकलो, बेटा."  तरी त्याला राहवेना. "जगले तर असतील ना सगळे?"

"नाही. सुरीनं काढताना त्यांचा पाय फाटतो. जास्त फाटला की चिकटता येत नाही. लाटेनं नेले असतील." मग तीच पुढे म्हणाली, "आणि काही परत गेले, बाबा. त्याच दाटीत, आपापल्या खाचेत. मला वाटलं, हे कधी हललेच नाहीत."

भैय्यालाल स्वतःशीच पुटपुटला. मोकळी जागा दिली, वर पाणी शिंपडलं, आणि ज्यांना जमलं ते फाटक्या पायांनी परत गेले!

"पुढच्या ओहोटीला या," मोनाली नाक ओढत म्हणाली. "कोणते चौकोन, ते दाखवा. तेवढे सोडून काम करीन. सरांना मी सांगते." फोन कट झाला.

दुपारी शेजारच्या भावनादीदींची बकरी खुंट्याला बांधलेली, ऊन थेट तिच्या अंगावर आलेलं. भैय्यालाल सवयीनं उठला, दोर सोडायला वाकला आणि तसाच थांबला. मग त्यांच्या दाराची कडी वाजवली.

"दीदी, बकरी सावलीत बांधू का जी?"