शिशाचा कोपरा

त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी प्लास्टिकचं खुरपं, पिशव्या आणि सुतळी घेऊन गावाबाहेरच्या कचरा डेपोवर जायचे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता पीएच.डी. चालली होती. कचऱ्याखालच्या मातीत कोणते जड धातू आहेत आणि ते आले कुठून, हा माझा विषय. लोखंडी खुरपं चालत नसे. त्याचाच अंश मातीत मिसळला तर सगळं मुसळ केरात.

डेपोवर भंगार वेचणारे एक म्हातारे चाचा होते. दोरीला बांधलेलं लोहचुंबक कचऱ्यावरून ओढत फिरायचे. चार दिवस माझ्याकडे नुसतेच बघत राहिले. पाचव्या दिवशी म्हणाले, "मॅडम, लोकं घाण इथं आणून टाकतेत. तुमी नंबर टाकून परत घेऊन चालल्या. काहून?"

"मातीत तांबं, जस्त, शिसं किती मुरलंय ते बघायचंय, चाचा."

"ते बी कळतं व्हय?" त्यांना हसू आलं.

वाळवून चाळलेली माती घेऊन मी वारंगा फाट्यावर गाडी बदलून नांदेडच्या प्रयोगशाळेत गेले. ती ॲसिडमध्ये विरघळवून मोजायला वर्षभर खेपा झाल्या. आकडे आले तेव्हा पहिला धक्का क्रोमियमचा. डेपोत सगळीकडे सारखंच, आणि भरपूर. मला वाटलं, चोर सापडला. पण तुलनेसाठी कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या शेतातली मातीही दिली होती, तिच्यातही तेवढंच क्रोमियम. ते कुणी टाकलेलं नव्हतंच. ते आमच्या काळ्या खडकातलं, म्हणजे कधीकाळी इथं वाहिलेल्या लाव्ह्यातलं. लहानपणी ज्या ढेकळांवर अनवाणी पळाले ती माती आगीतून आलेली, हे पुस्तकात वाचलं होतंच. कागदावरचा आकडा बघून मात्र अंगावर काटा आला.

शिशाचं तसं नव्हतं. ते एकाच कोपऱ्यात होतं, इतर जागांच्या कितीतरी पट, आणि सोबत अँटिमनी, बॅटरीतलं शिसं कडक करायला मिसळतात तो धातू. दोन्ही एकत्र म्हणजे जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या. पण त्या कोपऱ्यात कचरा कधी पडतच नव्हता. तिथं नुसती बाभळ आणि गवत.

मी चाचांना विचारलं, "या डेपोवर आधी कुठं काय चालायचं, सांगता का?" कोणता धातू कुठं सापडला ते दाखवणारा माझा नकाशा पिशवीतच होता. त्यांनी काडीनं जमिनीवर डेपो काढला. "हितं वायरी जाळायचे, तांब्यासाठी. हितं रंगाचे डबे पडायचे." मी नकाशा काढून शेजारी ठेवला. वायरींच्या जागी तांबं होतं, रंगाच्या डब्यांच्या जागी जस्त. जे समजायला मला वर्षभर ॲसिडचा धूर खावा लागला, ते या माणसानं उकिडवं बसून दोन मिनिटांत काढलं होतं.

मग काडी त्या कोपऱ्यावर थांबली.

"हे मीच केलं, मॅडम," ते म्हणाले. "जवानीत. धरणावरचे मासे धरणारे यायचे, जाळ्याला वजनं पायजेत म्हणून. बॅटऱ्या फोडायच्या, शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं. पण त्याला लई पावसाळे झाले. वाहून गेलं असंल की."

"नाही चाचा. शिसं काळ्या मातीला धरून बसतं. हलत नाही."

त्यांनी तळवा जमिनीवर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "इतकं पाणी पडलं वरून," ते हळूच म्हणाले, "अन् बराबर तिथंच बसून हाये?" मग एकदम उठले. "माझ्या घरची तिथं शेळ्या चारून राहिली!"

आम्ही दोघं भर उन्हात धावलो. चाची बाभळीखाली बसली होती. चाचांनी आधी शेळ्या हाकलल्या, मग तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, पदर झटकला आणि म्हणाली, "मंग बसून काय राहिले? काटे तोडा." संध्याकाळपर्यंत तिघांनी मिळून कोपऱ्याला काट्यांचं कुंपण घातलं.

मी नगरपालिकेला अहवाल दिला. कचेरीत बरेच खेटे घातले, तेव्हा कुठं तो कोपरा झाकायला मुरूम आणि चांगली माती घेऊन ट्रॅक्टर आले. कुठून कुठवर पसरायचं ते ड्रायव्हरांना चाचांनी पायानं रेघ मारून दाखवलं. मी नकाशा घेऊन मागं उभी होते, आणि रेघ माझ्या नकाशातल्या शिशाच्या हद्दीबाहेर हातभरही गेली नाही.

त्यांचं आणि चाचीचं रक्त मी तपासायला लावलं. चाचीचं ठीक निघालं. चाचांच्या रक्तात शिसं होतं; डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर काही महिन्यांनी तपासायला सांगितलं. त्यांच्यासोबत मीच जाते.